बँडमधल्या माणसाने स्वतःचा पहिला अल्बम कसा करावा

रॉक बँडमध्ये बरीच वर्षे वाजवलेल्या माणसाला एकट्याचा अल्बम करताना सर्वांत जास्त उणीव भासते ती ‘नको’ म्हणणाऱ्यांची. तालमीच्या खोलीत आपण एखादी चाल मांडतो तेव्हा ड्रमर मान हलवतो, गिटारवाला म्हणतो की अंतरा लांबला, गायक एक ओळ गाऊन पाहतो आणि ती त्याच्या घशात अडकते. या सगळ्यांच्या नकारांतून जे तगते ते गाणे होते. एकट्याने कामाला बसले की हे नकार नाहीसे होतात. मग प्रत्येक कल्पना चांगली वाटू लागते, प्रत्येक जागी आणखी एक गिटार भरावीशी वाटते आणि काम संपत नाही. मी बडोद्यात एका बँडमध्ये अकरा वर्षे बेस गिटार वाजवत आलो आहे आणि गेल्या वर्षी स्वतःच्या नऊ गाण्यांचा अल्बम पुरा केला. मायक्रोफोन कोणता घ्यावा, हे मला अनेकांनी विचारले. पण हरवलेला तो ‘नको’ कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कसा परत आणावा, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि पुढचे सांगणे त्यालाच धरून आहे.

गाण्यांची निवड

बीटल्स या ब्रिटिश बँडच्या एका तबकडीवर जॉर्ज हॅरिसन यांच्या वाट्याला बहुधा एक-दोन, फार तर तीन गाणी येत. बँड फुटल्यावर १९७० मध्ये त्यांनी साठलेल्या गाण्यांतून एकदम तीन तबकड्यांचा संच काढला. बँडमध्ये मागे बसणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट धीर देते, आणि म्हणूनच तिच्याकडे जपून पाहावे. आपल्या वहीत साठलेले प्रत्येक गाणे जागेअभावी मागे राहिलेले नसते. वही उघडून प्रत्येक गाण्यापुढे ते बँडमध्ये का झाले नाही हे एका ओळीत, खरे खरे लिहावे. काही गाणी कच्ची होती म्हणून राहिली, काही वेळ नव्हता म्हणून, आणि काही चांगली असूनही बँडच्या आवाजात बसत नव्हती म्हणून. एकट्याच्या अल्बमचा कणा या शेवटच्या प्रकारातून तयार होतो. कच्ची गाणी आपण एकटे झालो म्हणून पिकत नाहीत. त्यांना वेगळी मेहनत लागते आणि ती ध्वनिमुद्रणाच्या आधी करायची असते.

निवडीसाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती घरातली पेटी. आपले नेहमीचे वाद्य बाजूला ठेवून गाणे नुसत्या पेटीवर, घरच्या माणसांसमोर म्हणून पाहावे. बेसवर जे गाणे मला भारदस्त वाटत होते त्यात चाल अशी काही नव्हतीच, फक्त माझ्या बोटांना आवडणारा एक तुकडा होता, हे पेटीने दोन मिनिटांत दाखवले. आठ ते दहा गाणी आणि एकूण पस्तीस-चाळीस मिनिटे पहिल्या अल्बमला पुरेशी आहेत.

शब्दांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण मराठीत रॉक करणारे बहुतेकजण येथेच अडखळतात. आपल्या भाषेत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना गळतो. ‘घर’ हा शब्द ‘र’ वर तुटतो. जात्यावरच्या ओवीत तो ‘घरऽ’ असा लांबवता येतो आणि गोडही वाटतो, पण ड्रमच्या ठोक्यावर ताणला तर खोटा वाटतो. म्हणून जेथे सूर लांब धरायचा आहे तेथे ‘वाडा’, ‘माती’, ‘गेलो’ असे स्वरान्त शब्द आणावेत आणि व्यंजनावर तुटणारे शब्द लहान, ठोक्याच्या सुरांवर ठेवावेत. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या घरातल्या मराठीची लाज बाळगू नये. गच्चीला अगाशी म्हणणाऱ्या बडोद्याच्या घरात वाढलेल्या माणसाने गाण्यात अगाशीच म्हणावे. पुण्याच्या कानासाठी शब्द बदलले की गाणाऱ्याचा आवाजही बदलतो.

सोबत्यांना आधी सांगावे

येथे माझी चूक झाली आणि ती टाळण्यासारखी आहे. मी तीन गाणी मुद्रित करून ठेवली होती आणि ‘पूर्ण झाल्यावर सांगू’ असे मनाशी म्हणत होतो. आमच्या ड्रमरला ती गोष्ट गरब्याच्या तालमीत दुसऱ्याच वादकाकडून कळली. त्यानंतर दोन महिने तो तालमीला येई, वाजवी आणि निघून जाई. शेवटी एका संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठी बसून मी त्याला फोनवर तिन्ही गाणी ऐकवली. त्याने एक कान बोटाने बंद करून, दुसऱ्याला फोन लावून ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, “हे आपलं नाही, तुझंच आहे. पण आधी सांगितलं असतंस तर दुसऱ्या गाण्याला मीच वाजवलं असतं.” त्या गाण्यावर आज त्याचेच ड्रम आहेत.

तेव्हा पहिले मुद्रण करण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवून सांगावे. बँडच्या कार्यक्रमांच्या तारखा आधी, अल्बमच्या तारखा नंतर; कोणती गाणी आपण नेणार; त्यांच्यापैकी कोण वाजवणार आणि त्याचे मानधन काय; आणि वेष्टनावर बँडचे नाव येणार की नाही, एवढे त्याच बैठकीत ठरवावे. किस या अमेरिकन बँडच्या चौघांनी १९७८ मध्ये आपापले एकेक अल्बम एकाच दिवशी प्रसिद्ध केले होते. तसा थाट आपल्याला करायचा नाही, पण सर्वांना माहीत असलेल्या अल्बममुळे बँडमध्ये तेढ कमी येते.

हक्कांचे लिखाण त्याच आठवड्यात करावे. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात गाण्याचे शब्द ही एक कृती, संगीत ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी धरली जाते व तिन्हींचे मालक निरनिराळे असू शकतात. तालमीत चौघांनी मिळून घडवलेल्या चालीत कोणाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती ठरते, आणि मग ‘पहिल्यांदा मीच वाजवली होती’ एवढे म्हणून ती उचलता येत नाही. एका पानावर गाण्याचे नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाटणी किती टक्के हे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. एखाद्या कंपनीने पुढे हक्क लिहून मागितले तर करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट आहेत का ते पाहावे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. अभंग घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तुकारामांचे शब्द सर्वांचे आहेत, पण रेडिओवर ऐकून पाठ झालेली चाल विसाव्या शतकातल्या कोणा संगीतकाराची असू शकते, आणि तिच्यावरचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. चाल आपली बांधावी.

मुद्रणाचा काळ

बडोद्यात वादकाचे वर्ष नवरात्रीभोवती फिरते. आश्विनातल्या त्या नऊ रात्रींची तयारी दोन-अडीच महिने आधी सुरू होते, आणि ढोलापासून कीबोर्डपर्यंत प्रत्येकाला तेव्हा काम असते. श्रावण ते दसरा या काळात कोणाला मुद्रणासाठी बोलावू नये आणि आपणही कमाई सोडू नये. दिवाळीनंतर लग्ने लागतात आणि वरघोड्याचे, म्हणजे वरातीचे, बँड दिवसभर रस्त्याने जातात. मग येतो तो कमुरतांचा महिना, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी. त्या काळात गुजरातेत लग्ने नसतात. रस्ते त्या मानाने शांत, वादक मोकळे, आणि थंडीमुळे पंखा बंद ठेवून तीन तास गाता येते. घरी मुद्रण करणाऱ्यासाठी याहून चांगले चार आठवडे वर्षात नाहीत. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस मात्र सोडून द्यावेत, कारण तेव्हा प्रत्येक अगाशीवर लाउडस्पीकर असतो.

ही मुदत पाळणे हा ‘नको’चाच एक प्रकार आहे. चौदा जानेवारीपर्यंत जे गाणे मुद्रित झाले नाही ते या अल्बमात नाही, असे मी ठरवले होते. बारापैकी तीन गाणी त्या नियमाने गळली आणि त्यांची उणीव मला आजपर्यंत भासलेली नाही.

घरातले मुद्रण

बीटल्सचेच पॉल मॅकार्टनी यांनी १९७० च्या आपल्या पहिल्या एकट्याच्या अल्बमचा बराच भाग लंडनच्या घरी, चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या, यंत्रावर, स्वतः सगळी वाद्ये वाजवून मुद्रित केला. आज साध्या लॅपटॉपवर त्याहून कितीतरी अधिक ट्रॅक मिळतात. साधनांची यादी म्हणूनच लहान ठेवतो: दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन आणि वाद्य लॅपटॉपला जोडणारी पेटी), गायनासाठी एक आणि वाद्यांसाठी एक मायक्रोफोन, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, आणि रीपरसारखे एखादे परवडणारे सॉफ्टवेअर. मुद्रण २४ बिटांवर करावे आणि आवाजाचा कमाल काटा उणे दहा-बारा डेसिबलच्या आसपास ठेवावा. २४ बिटांत हळू आवाजही स्वच्छ टिपला जातो, त्यामुळे काटा लाल रंगापर्यंत नेण्याचे कारण उरत नाही.

विजेची गुणगुण हा आपल्या घरांचा खरा रोग आहे, आणि बेसवाल्याला तो सर्वांत जास्त छळतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांची. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर जो सूर निघतो त्याची कंपनसंख्या ४९ हर्ट्झ. म्हणजे गुणगुण आणि सूर यांच्यात एका कंपनाचा फरक, आणि दोन्ही एकत्र आले की सेकंदाला एकदा आवाज फुगतो व ओसरतो. मी दोन दिवस माझ्या बोटांना दोष देत होतो. फिल्टरने ५० हर्ट्झ कापायला गेलो तर तो सूरही पोकळ होतो, त्यामुळे रोग मुळातूनच काढावा लागतो. प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. गुणगुण थांबली तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये आहे. जुन्या वाड्यांतल्या तीन पिनांच्या सॉकेटात तिसरे भोक असते पण मागे तार नसते, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तरीही राहिली तर ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करावा, आणि वाद्य हातात धरून खोलीत हळूहळू फिरावे. एका दिशेला तोंड केले की आवाज एकदम खाली बसतो. त्या जागी जमिनीवर खडूने खूण करावी आणि तेथेच बसून वाजवावे.

खोलीचा आवाज शोषण्यासाठी महागड्या फोमची गरज नाही. आमच्या घरात आजीचे लाकडी कपाट आहे. त्याची दोन्ही दारे सताड उघडली की आत लुगड्यांच्या आणि शालींच्या घड्या असतात. गाणाऱ्याने त्या कपाटाला पाठ लावून उभे राहावे, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर ठेवावा, आणि मायक्रोफोनमागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगाव्यात. कपाटातून डांबरगोळ्यांचा वास येतो, पण आवाजात खोलीचा गुंजारव अजिबात येत नाही. ओळी तोडून तोडून न गाता प्रत्येक गाणे सलग चारदा गावे, त्या दिवशी ऐकू नये, आणि दुसऱ्या सकाळी चारांतून एक निवडावे. रात्री जो टेक भारावून टाकतो तो सकाळी अनेकदा ओढलेला वाटतो.

ड्रम मात्र घरी मुद्रित करण्याचा हट्ट धरू नये. शेजाऱ्यांचा प्रश्न आहेच, पण लहान खोलीत झांजांचा आवाज छतावरून परतून सगळ्या मायक्रोफोनांत शिरतो आणि मग काही करता येत नाही. क्लिकवर, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिकीवर, बांधलेले डेमो ड्रमरला आठवडाभर आधी द्यावेत, एखादा चांगला स्टुडिओ एकाच दिवसासाठी घ्यावा आणि सगळ्या गाण्यांचे ड्रम त्या दिवशी उरकावेत. माझ्या मते खर्चाचा सर्वांत मोठा वाटा याच दिवसावर जावा. जेथे ड्रमची गरज नाही तेथे शहराकडे पाहावे. गायक मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ मध्ये सुरू झालेली गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, आणि तबला, व्हायोलिन, सतार शिकणारी तरुण मंडळी तेथे आहेत. त्यांना चालीची दिशा सांगावी, सूर लिहून देऊ नयेत, आणि मानधन त्याच दिवशी हातात द्यावे. माझ्या एका गाण्यात तबलजीने सांगितले की ‘येथे मी नाही वाजवत, गाणे उघडे राहू दे.’ बँडमध्ये ऐकू येणारा नकार मला महिन्यांनंतर पुन्हा ऐकायला मिळाला होता.

मिक्सिंग

मिक्सिंग, म्हणजे मुद्रित केलेले सगळे आवाज एकत्र तोलण्याचे काम, शक्यतो स्वतः करू नये. बेसवाला बेस वर ठेवतो, गायक आवाज वर ठेवतो. हे हटकून होते. शिवाय लहान खोलीत खालचे सूर नीट कळतच नाहीत. बेसच्या मोकळ्या जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे हवेत त्याची लाट सुमारे सव्वाआठ मीटर लांब, आणि आपली खोली साडेतीन मीटरची. खुर्ची दोन फूट मागे सरकवली की बेस दुप्पट झाल्यासारखा वाटतो. पैसे नसतील आणि स्वतःच करावे लागले तर निर्णय हेडफोनवर घ्यावेत, मग तेच गाणे मोटारीत आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकावे, आणि तिन्ही ठिकाणी शब्द कळतात का एवढेच पाहावे.

दुसऱ्याला देताना सूचना कमी आणि स्पष्ट द्याव्यात. ‘आणखी दमदार करा’ याला अर्थ नाही. ‘दुसऱ्या अंतऱ्यात गिटारमुळे शब्द झाकले जातात’ याला आहे. दुरुस्तीच्या फेऱ्या तीनच ठरवाव्यात. आणि मिक्स झालेले गाणे एकाच माणसाला ऐकवावे, जो आपल्याला नाही म्हणायला कचरत नाही. पाच जणांना विचारले की पाच मते येतात आणि आपण आपल्याला आवडणारे उचलतो. माझ्यासाठी तो माणूस अर्थातच आमचा ड्रमर होता. त्याने दोन गाण्यांतून मिळून सहा ट्रॅक काढायला लावले, त्यांतले चार माझ्या बेसचेच होते.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावरच्या शेवटच्या हातात, आवाज फुगवण्याची शर्यत आता निरर्थक झाली आहे. स्पॉटिफाय सर्व गाणी ऐकवताना साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) या पातळीवर आणते, म्हणजे दाबून मोठे केलेले गाणे तेथे खाली ओढले जाते आणि त्याचा चपटेपणा तेवढा उरतो.

प्रसिद्धी

वितरकामार्फत (आपली गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या सेवेमार्फत) गाणी पाठवताना प्रकाशनाची तारीख निदान चार आठवडे पुढची घ्यावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे विचारासाठी पाठवायचे तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते, आणि फक्त एकच गाणे पाठवता येते. कोणते, हेही ज्याला मिक्स ऐकवले त्या एका माणसालाच विचारावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो व तो बहुधा वितरकच देतो. तो वहीत उतरवून ठेवावा, कारण पुढे वितरक बदलला तर त्याच क्रमांकावर ऐकणाऱ्यांची जुनी मोजणी टिकवता येते. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व घ्यावे आणि सही झालेल्या त्या एका पानावरची वाटणी जशीच्या तशी तेथे नोंदवावी.

वेष्टनाचे चित्र तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचे लागते, पण लोक ते फोनवर टिकलीएवढे पाहतात. बडोद्यात १९५० पासून विद्यापीठाचा ललित कला विभाग आहे, तेव्हा चित्रकार शोधायला दूर जावे लागत नाही. चित्रकाराला गाणी ऐकवावीत, आपला फोटो देऊ नये, आणि चित्र हाती आल्यावर फोनवर बोटाच्या पेराएवढे करून पाहावे.

शेवटचे काम नावांचे. वादकांची नावे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावीत, देवनागरीत आणि रोमनमध्ये, कारण वितरकाकडे एकदा अर्ज गेला की चूक दुरुस्त व्हायला आठवडे लागतात. माझ्या यादीत व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीचे आडनाव मी ऐकले तसे लिहिले होते. अर्ज पाठवण्याच्या आदल्या रात्री तिला फोन करून विचारले, तेव्हा तिने अक्षर न् अक्षर सांगितले आणि मी ते लिहून परत वाचून दाखवले.